ठाण्याहून पेठ गाव आणि कोथळीगड, एक दिवसाची वाटचाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही ठाण्यातले चारपाच जण मिळून दर हिवाळ्यात लोकांना पेठला नेतो. मेसेजवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. नाव नोंदवण्याआधी वाचा. वाचूनही काही राहिलं तर खुशाल विचारा.

पेठ म्हणजे नक्की कुठलं? पुण्यातलं का?

नाही, पण हा गोंधळ दरवेळी एक जण तरी घालतोच. हे पेठ रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. पायथ्याला आंबिवली, तिथून चढून गेलं की डोंगराच्या माचीवर, म्हणजे मधल्या सपाटीवर पेठ गाव, आणि गावाच्या डोक्यावर सरळ उभा कोथळीगडाचा सुळका. आसपासचे लोक गडाला ‘पेठचा किल्ला’च म्हणतात. आंबिवलीत कोणाला ‘कोथळीगड कुठे’ विचारलंत तर तो क्षणभर थांबतो. ‘पेठ’ म्हटलंत की लगेच हात वर करून दाखवतो.

गाव खरंच मध्ययुगीन आहे का? तिथे जुनी घरं, वाडे बघायला मिळतील?

वाडे नाहीत. हे आधीच सांगतो, कारण फोटोंवर भाळून आलेल्या एका काकांनी गावात पाऊल ठेवताच विचारलं होतं, ‘पण जुनं गाव कुठंय?’ घरं आजची आहेत. काही कौलारू, बऱ्याच घरांवर पत्रे, अंगणात मोटारसायकल, छपरावर डिशची छत्री. जुनी आहे ती जागा आणि तिची मांडणी. गडाच्या शिबंदीला, म्हणजे तिथल्या शिपायांना मीठ, धान्य, चामडं, लोखंड लागायचं. त्यासाठी माचीवर वस्ती आणि बाजार असायचा, त्याला पेठ म्हणायचे. पुढे गडाचं काम संपलं, शिबंदी गेली, बाजार उठला, पण नाव आणि माणसं तिथेच राहिली. गावात फिरताना नीट पाहिलंत तर जोत्यांचे घडीव दगड, पडलेल्या बांधकामाचे अवशेष आणि एक तोफ दिसते. ती तोफ कुठल्या काचेच्या पेटीत नाही, उघड्यावर आहे. तिच्यावर बसून फोटो काढू नका, एवढीच विनंती.

त्याहीआधीची खूण पायथ्याशी आहे. आंबिवलीजवळ नदीकाठी बौद्ध लेणी आहेत. कोकणातल्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या वाटा याच पट्ट्यातून चढायच्या. वाजंत्री घाट, नाखिंद ही नावं भटक्यांना ठाऊक असतीलच. कोथळीगड म्हणजे या वाटांवर डोळा ठेवणारी चौकी. गड आकाराने एवढासा का, याचं उत्तर त्यातच आहे. इथे राजधानी थाटायची नव्हती, वाटेवर कोण येतं-जातं ते बघायचं होतं.

मग गडावर इतिहास काय घडला?

घडला, आणि तो थोडा बोचणारा आहे. संभाजी महाराजांच्या काळात इथे शस्त्रसाठा असायचा. १६८४च्या अखेरीस मोगल सरदार अब्दुल कादरने गड घेतला, तो मुख्यतः कपटाने. ‘आम्ही तुमचीच माणसं, दार उघडा’ असं सांगून त्याचे लोक आत शिरले, अशी हकिगत सांगतात. नंतर मराठ्यांनी गड परत मिळवायची शिकस्त केली. त्या झटापटीत मराठ्यांचे नारोजी त्रिंबक धारातीर्थी पडले. पुढे मराठी राज्य बुडालं तेव्हा बाकीच्या गडांबरोबर हाही इंग्रजांकडे गेला.

ही गोष्ट आम्ही दरवाज्याच्या पडक्या अवशेषांपाशी बसून सांगतो, खाली गाडीत नाही. तिथे बसलं की लक्षात येतं की एवढ्या अरुंद जागी लढाईने आत घुसणं किती अवघड. मग कपटाशिवाय दुसरा मार्गच नव्हता हेही कळतं.

हा गड युनेस्कोच्या यादीत आहे का?

नाही. २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. कोथळीगड त्यात नाही. आमच्या मते हे एका परीने बरंच झालं.

कधीच ट्रेक केलेला नाही. जमेल का?

तीन मजले जिना न थांबता चढून वर गेल्यावर बोलता येत असेल तर जमेल. बोलता येत नसेल तर आठपंधरा दिवस आधीपासून रोज चालायला लागा. ठाण्यात जागेची वाण नाही. उपवन तलावाला फेऱ्या मारा, नाहीतर सकाळी येऊर चढून या. नवी मुंबईकरांना पारसिकचा डोंगर किंवा खारघरच्या टेकड्या आहेत. ट्रेडमिलवर धावून आलेल्यांचे गुडघे उतरताना बोलतात, हा आमचा अनुभव. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव नसतो, तिथेच घोटाळा होतो.

आंबिवलीहून पेठ दीड ते दोन तास. वाट रुंद आणि मळलेली आहे, पण मधल्या टप्प्यात सावली कमी. पेठहून वरच्या गुहेपर्यंत साधारण अर्धा तास, तो भाग खडा आणि घसाऱ्याचा. त्यानंतर सुळक्याचा जिना.

सुळक्याच्या आतून जिना आहे म्हणतात. म्हणजे काय? मला उंचीची भीती वाटते.

ज्यासाठी कोथळीगडावर यायचं ते हेच. बहुतेक सुळके बाहेरून चढायचे असतात. इथे कोरणाऱ्यांनी सुळका आतून पोखरून पायऱ्या काढल्या आहेत. गुहेच्या बाजूने तुम्ही आत शिरता, दोन्हीकडे उभा कातळ, वर आकाशाची अरुंद फट. पायऱ्या काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या उंच आहेत. भिंतीला हात लावलात तर छिन्नीचे तिरके घाव अजून बोटांना लागतात. सगळे एकाच कलाचे, म्हणजे माणूस कुठल्या बाजूला उभा राहून मारत होता तेही कळतं. आमच्याबरोबर एकदा भांडुपचा एक सुतार आला होता. तो त्या भिंतीपाशी दहा मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, ‘हा डावखुरा असणार.’ खरंखोटं देव जाणे, पण तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला तिथे थांबवतो.

हा सगळा सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. एक थर टणक, एक ठिसूळ. पाण्याने ठिसूळ भाग झिजत जातो आणि टणक भाग असा सुळक्यासारखा उभा राहतो. जिना काढणाऱ्यांना भूगर्भशास्त्र शिकवायला कोणी गेलं नव्हतं, पण दगड त्यांना हातानेच कळत होता.

भीतीबद्दल. उंचीची भीती असलेल्यांना हा जिना उलट सोपा जातो, कारण तिन्ही बाजूंनी कातळ असतो आणि दरी दिसतच नाही. वर पोचल्यावर माथा लहान आहे, तिथे काठाकडे जायचं नाही. माथ्यावरून पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत, उत्तरेकडे भीमाशंकर आणि पदरगड, पश्चिमेला माथेरान. अगदीच पाय लटपटले तर गुहेत थांबा. सपाट जमिनीची ती गुहा आणि तिच्यातले कोरीव खांब हाही काही कमी ऐवज नाही. आपल्यातला एक जण तुमच्यासोबत थांबतो. कोणी कोणाला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम.

वाट मळलेली आहे तर गाईड कशाला?

रास्त प्रश्न. तुम्ही चार जण अनुभवी असाल, नकाशा वाचता येत असेल, तर आमची गरज नाही. खुशाल एकटे जा. आम्ही बरोबर असतो ते तीन गोष्टींसाठी. गट एका चालीने राहावा म्हणून. काही झालंच तर प्रथमोपचाराचं सामान आणि ते वापरता येणारा माणूस जवळ असावा म्हणून. आणि गावाशी ओळख करून देण्यासाठी. ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाट कोणीही दाखवेल. पण ज्या मावशींच्या ओटीवर तुम्ही जेवणार त्यांच्याशी आमची ओळख आहे. म्हणून त्या तुम्हाला गिऱ्हाईक समजत नाहीत, पाहुणा समजतात. नाहीतर गावातून तुम्ही नुसतेच जाल आणि गावही तुमच्याकडे नुसतंच बघेल.

दर दहा जणांमागे आमचा एक माणूस असतो. वीसच्या वर माणसं घेत नाही. कोणाचा मेहुणा, कोणाची मैत्रीण, ‘एकच जास्त आहे हो’, तरीही नाही.

ठाण्याहून कसं जायचं?

पहाटेच्या कर्जत लोकलने. सगळे जण तिकीट खिडकीजवळ भेटतो, तिकीट आपापलं काढायचं, परतीचंही तेव्हाच. ठाणे ते कर्जत साधारण दीड तास. मुलुंड, डोंबिवली, कल्याण, बदलापूरवाल्यांनी त्याच गाडीत चढायचं, डबा आदल्या रात्री कळवतो. कर्जतला आपण ठरवलेली गाडी असते, कशेळेमार्गे आंबिवलीला पोचायला तासभर लागतो. एसटीची वेळ सांभाळून गटाला नेणं आम्हाला कधी जमलं नाही. एकटेदुकटे असाल तर जरूर बघा.

वाशी, नेरूळ, बेलापूरवाल्यांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला यायचं, किंवा स्वतःची गाडी घेऊन पनवेल-चौकमार्गे थेट कर्जतला भेटायचं. दुसरा पर्याय झोपेच्या दृष्टीने बरा.

रविवारी मेगाब्लॉक असतो, हे विसरू नका. सकाळी आपण त्याआधी निसटतो आणि संध्याकाळपर्यंत तो संपलेला असतो. तरी आदल्या रात्री वेळापत्रक तपासूनच वेळ पक्की कळवतो. ‘मी पुढच्या गाडीने येतो’ हे इथे चालत नाही. पुढची गाडी तासाने, आणि तेवढ्या तासात चढाईवर ऊन आलेलं असतं.

कुठल्या महिन्यात यावं?

ऑक्टोबर सरता सरता ते फेब्रुवारी. त्यातही नोव्हेंबर-डिसेंबर. गवत पिवळं पडलेलं असतं, हवा स्वच्छ, खळ्यांवर भाताच्या पेंढ्या. मार्चनंतर दुपारी कातळ तापतो आणि आम्ही ट्रिप बंद करतो.

पावसाळ्यात का नेत नाही? बाकी सगळे ग्रुप तर नेतात.

हा प्रश्न जूनमध्ये रोज येतो. पावसाळ्यात पेठ सुंदर दिसतं यात वादच नाही. पण त्या आतल्या जिन्यातून पाणी वाहतं, पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि रविवारी पाच-पाच ग्रुप एकाच फटीत वर-खाली करत असतात. वरचा घसरला की खालचे चार जण घेऊनच येणार.

शिवाय याच जिल्ह्यात १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या पोटातली ती वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. आमच्यातले दोघं त्या वाडीत अनेकदा जेवले होते. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरातल्या गावात वीस-वीस माणसं मजा म्हणून घेऊन जायला मन धजत नाही. इतर नेतात त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. आम्ही नेत नाही.

बूट कुठले? माझ्याकडे जुने ट्रेकिंग शूज आहेत.

थांबा. ‘जुने’ म्हणजे माळ्यावर ठेवलेले का? मग घरीच तळवा वाकवून बघा. बुटांचे मऊ तळवे बहुतेक पॉलियुरेथेनचे असतात. दमट हवेत पडून राहिले की ते आतून कुजतात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आणि तासभर चाललं की तळवा जबडा उघडावा तसा उघडतो. ठाण्या-मुंबईच्या हवेत हे हमखास होतं. मागच्या डिसेंबरात माझाच तळवा पेठच्या अलीकडे सुटला. बाकीच्यांना पंधरा मिनिटं भाषण देऊन झालं होतं, तेवढ्यात. गावातल्या एका दादाने सुतळीने बांधून दिला, आणि उतरेपर्यंत सगळ्यांनी माझ्याकडे बघून हसून घेतलं. तेव्हापासून पिशवीत सुतळी असते.

चांगली पकड असलेले साधे स्पोर्ट्स शूजही चालतात. नवे बूट आदल्या दिवशी घेऊन येऊ नका. चप्पल, सँडल, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

पाणी आणि सामान किती?

पाणी अडीच-तीन लिटर, प्रत्येकी. ‘अर्धी बाटली पुरते मला’ म्हणणारे पेठच्या अलीकडे दुसऱ्याची बाटली शोधत असतात. गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिऊ नका. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट, कोरडा खाऊ, स्वतःची औषधं, छोटा टॉर्च. सॅक दोन्ही खांद्यांची हवी. एका खांद्यावरची ऑफिसची बॅग जिन्यात अडकते.

जेवण काय असतं?

सकाळी कर्जतला पोहे किंवा वडापाव, चहा. दुपारी गड उतरून आल्यावर पेठमध्ये घरचं जेवण : तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरणभात, कांदा, लोणचं. चुलीवरचं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, म्हणून सगळे एकदम बसत नाहीत, पाच-पाच जणांची पंगत बसते. उशीर होतोय म्हणून कुरकुरू नका. मावशी एकट्या भाकऱ्या थापत असतात.

ठेचा आधी चिमूटभर घ्या. हे दरवेळी सांगतो, दरवेळी कोणीतरी भाजी समजून वाढून घेतं.

जैन जेवण दोन दिवस आधी कळवलंत तर होतं. उपवास असेल तर फराळ घरून आणा. सामिष हवं असल्यास वेगळी सोय करत नाही, कारण मग सकाळी मावशींचा सगळा वेळ त्यातच जातो.

लहान मुलं, आजीआजोबा?

दहा वर्षांवरची मुलं पालकांसोबत. मुलं सहसा सगळ्यात पुढे असतात, दमतात ते बाबा. साठीच्या पुढचे बरेच जण येऊन गेलेत आणि त्यांची चाल आमच्या आयटीवाल्यांपेक्षा बरी असते. हृदयविकार, दमा, गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. लपवू नका. कोणाला घरी पाठवण्यासाठी नाही, चालायची गती ठरवण्यासाठी विचारतो.

टॉयलेटची सोय?

पायथ्याला आणि पेठमध्ये ज्या घरी जेवतो तिथे. मधल्या वाटेवर नाही. बायकांनी संकोच करून पाणी कमी पिऊ नये. त्यानेच चक्कर येते. आमच्यात एक ताई कायम असतात, त्यांना सांगा, त्या गट थांबवतात आणि आम्ही कारण विचारत नाही. पॅड वगैरे बंद पिशवीत परत आणायचं.

गावात कसं वागायचं?

पाहुण्यासारखं. परवानगीशिवाय माणसांचे, विशेषतः चुलीपाशी बसलेल्या बायकांचे फोटो नकोत. मुलांना चॉकलेटं वाटू नका. दोनचार हिवाळ्यांत एवढा फरक पडला की मुलं ‘नमस्कार’च्या आधी ‘चॉकलेट’ म्हणायला लागली, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. द्यायचंच असेल तर गावात सरबत, ताक विकत घ्या, न घासाघीस करता. ठाण्याच्या मॉलमध्ये अडीचशेची कॉफी घेणारे इथे लिंबू सरबतावर पाच रुपये कमी करायला बघतात, तेव्हा लाज वाटते.

स्पीकर, दारू, सिगारेट बंद. एकदा समजावतो, दुसऱ्यांदा आमच्या गटात घेत नाही.

साप, मधमाश्या?

कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं. म्हणून उग्र अत्तर, डिओ मारून येऊ नका. धूर, आरडाओरडा, दगड मारणं अजिबात नाही. मोहोळ उठलं तर डोकं-तोंड झाकून शांतपणे लांब व्हायचं, हात झटकत पळायचं नाही. साप सहसा वाटेतून दूर जातो. न बघता कपारीत हात घालू नका, एवढं पाळलं तरी पुरे. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करायचं नाही. तो भाग स्थिर ठेवून रुग्णालय गाठायचं. कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

फोनला रेंज असते का?

कुठे असते, कुठे नसते. घरच्यांना सकाळीच सांगून ठेवा, दुपारी फोन लागला नाही म्हणून घाबरू नका.

ऐनवेळी यायचं रद्द झालं तर पैसे?

गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवलंत तर पूर्ण परत. त्यानंतर जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत, कारण मावशींनी शुक्रवारीच तुमच्या नावाचं पीठ दळून आणलेलं असतं. आम्ही रद्द केलं तर सगळे परत.

पेठमध्ये मुक्काम करता येतो का?

गावात सोय होते, पण ही ट्रिप एका दिवसाचीच आहे. मुक्कामाला यायचं तर तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही ओळख करून देऊ.

परत ठाण्याला किती वाजता?

अंधार पडायच्या आत आंबिवली, मग कर्जत, आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत ठाणे. कर्जतहून सुटणारी लोकल पकडतो, त्यामुळे खिडकी मिळते. खिडकी मिळाली की बदलापूर यायच्या आत सगळे गाढ झोपतात. शेजाऱ्याला सांगून ठेवा ‘ठाण्याला उठव’. मागे एक जण आमच्यासमोरच असा झोपला, आणि उतरायच्या गर्दीत आम्हीही त्याला विसरलो. तो जागा झाला दादरला. तिथून फोन करून त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.